न मारणारे विष : कीटकनाशकांची अल्प मात्रा आणि मधमाशीची रोगप्रतिकारशक्ती

पिकावर औषध फवारल्यानंतर त्याच्या बऱ्यावाईटाची परीक्षा शेतकरी बहुधा डोळ्यांनी करतो. कीड मेली तर औषध चांगले, आणि बैल, शेळी, कोंबडी किंवा माणूस ह्यांपैकी कोणाला त्याच दिवशी काही झाले नाही तर ते निर्धोक, असा साधा हिशेब गावोगाव चालत आलेला आहे. शेजारच्या बांधावर ठेवलेल्या मधपेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला नाही, की आपल्या फवारणीने माश्यांना काही अपाय झाला नाही असे तो समजतो. वरवर पाहता त्याचे म्हणणे खरेही वाटते. परंतु एखादे वेळी असे घडते की, पुढे काही आठवड्यांनी त्याच पेट्यांतील माश्यांची संख्या रोडावू लागते आणि पंख आखडलेल्या कोवळ्या माश्या पेटीबाहेर पडून जमिनीवर सरपटताना दिसतात. मधपाळ त्यास रोग म्हणतो, आणि तो खरोखरीच रोग असतो. पण त्या रोगास दार कोणी उघडून दिले, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

विषाची मात्रा प्राण घेण्याइतकी नसली, तरी ती शरीरातील जनुकांच्या कार्यात बिघाड करून रोगाशी झगडण्याची शक्ती क्षीण करू शकते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. मधमाशीवरील संशोधनाने ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दाखवून दिली. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर परागीभवनावर अवलंबून असणाऱ्या पिकांचे उत्पन्न माश्यांच्या आरोग्याशी बांधलेले आहे; आणि दुसरे असे की, फवारणीचा पंप ज्याच्या पाठीवर असतो त्यालाही ह्यातून काही शिकण्यासारखे आहे.

मारक मात्रा आणि तिच्याखालील मात्रा

कोणत्याही विषाची तीव्रता ठरविताना, ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात ती मात्रा प्रमाण मानण्याची पद्धत आहे. क्लोथियानिडिन हे कीटकनाशक पोटात गेले असता मधमाशीच्या बाबतीत ही मात्रा सुमारे ४ नॅनोग्रॅम भरते. एका ग्रॅमचे शंभर कोटी समान भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम होय. म्हणजेच ह्या औषधाच्या अवघ्या एका ग्रॅमात अशा सुमारे २५ कोटी मात्रा सामावतात. क्लोथियानिडिन, इमिडाक्लोप्रिड व थायमेथोक्झाम ही तिन्ही निओनिकोटिनॉइड नावाच्या एकाच गटातील औषधे असून कपाशी, भात, ऊस इत्यादी पिकांवर व बीजप्रक्रियेसाठी ह्या गटातील औषधे आपल्याकडे वापरण्यात येतात.

मारक मात्रेचा परिणाम कोणासही दिसतो. सन २००८ च्या वसंत ऋतूत जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात मक्याची पेरणी चालू असता, क्लोथियानिडिन लावलेल्या बियाण्यावरील लेप नीट चिकटलेला नसल्यामुळे त्याची धूळ पेरणीयंत्रातून उडाली आणि आसपासच्या फुलांवर बसली. त्यामुळे मधमाश्यांच्या सुमारे ११,५०० वसाहतींना बाधा पोहोचली. पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचे थर साचल्यामुळे कारण शोधण्यास फार वेळ लागला नाही.

ह्याउलट, जेथे मात्रा मारक नसते तेथे नुकसान लगेच नजरेस येत नाही. निओनिकोटिनॉइड औषधे पाण्यात विरघळणारी व आंतरप्रवाही आहेत. मुळांनी किंवा पानांनी शोषल्यावर ती रसाबरोबर सर्व झाडात फिरतात आणि पुढे फुलातील परागात व मकरंदातही अत्यल्प प्रमाणात उतरतात. कामकरी माशी तो मकरंद स्वतः पिते, पोळ्यात साठविते आणि पिलांनाही भरविते. एका भेटीत मिळणारे विष तिला मारत नाही, परंतु फुलोरा असेपर्यंत रोज त्याचा थोडाथोडा अंश तिच्या शरीरात जात राहतो. अशा अल्प मात्रेने शरीरात काय घडते ते समजण्यासाठी जनुकांच्या कार्याची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे.

जनुके आणि त्यांचे कार्य

जनुक म्हणजे शरीरातील एखादा पदार्थ कसा तयार करावा ह्याविषयीची पेशीत साठविलेली माहिती होय. ही माहिती आईबापांकडून पिलांकडे येते. परंतु जनुक असणे आणि ते कार्य करीत असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्याच्या घरी ज्वारी, हरभरा, कपाशी, भुईमूग अशा सर्व पिकांचे बियाणे साठविलेले असले, तरी ते सगळे एकाच वेळी पेरले जात नाही. हंगाम पाहून एक बाहेर निघते व दुसरे कणगीतच राहते. त्याचप्रमाणे शरीराच्या प्रत्येक पेशीत बहुतेक सर्व जनुके असतात, पण केव्हा कोणते जागे व्हावे आणि कोणते निद्रिस्त राहावे, हे ठरलेल्या व्यवस्थेने होत असते. ह्या व्यवस्थेवर आहार, ऋतू, आजार व बाहेरील रसायने ह्यांचाही परिणाम होतो.

ह्याचे उत्तम उदाहरण खुद्द मधपेटीतच सापडते. राणीमाशी आणि कामकरी माशी ह्या एकाच प्रकारच्या अंड्यापासून जन्मतात. त्यांच्या जनुकांत असा भेद नसतो की एकीने राणी व्हावे आणि दुसरीने कामकरी. पहिले सुमारे तीन दिवस दोघींनाही दाया माश्यांचे स्रावयुक्त अन्न मिळते. पुढे जिला तेच राजान्न भरपूर मिळत राहते ती १६ दिवसांत राणी होऊन बाहेर पडते, तर जिला मुख्यतः पराग व मध मिळतो ती २१ दिवसांत कामकरी होते. राणी काही वर्षे जगते व अंडी घालते. हंगामातील कामकरी माशी सुमारे सहा आठवड्यांतच झिजून मरते. जनुके तीच, अन्न निराळे आणि आयुष्य सर्वस्वी भिन्न!

अन्नाने हा भेद कसा पडतो ह्याचाही शोध लागला आहे. जनुकांवर ठिकठिकाणी लहानशा रासायनिक खुणा बसलेल्या असतात व त्यांवर जनुकाचे कार्य काही अंशी अवलंबून असते. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी सन २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अशा खुणा बसविणाऱ्या विकराचे कार्य अळ्यांमध्ये मंद केले. तेव्हा राजान्नाचा खुराक दिलेला नसतानाही बहुसंख्य अळ्यांपासून राणीसारखी लक्षणे असलेल्या माश्या निपजल्या. तात्पर्य, जनुकात तिळभर बदल न होताही त्याचे कार्य बदलू शकते आणि तेवढ्याने शरीराची सर्व घडण पालटते. अन्नाने जर एवढे घडते, तर त्याच अन्नाबरोबर येणाऱ्या विषाने काहीच घडणार नाही असे मानणे धाडसाचे ठरेल.

इटलीतील प्रयोग

मधमाशीच्या शरीरात अनेक विषाणू गुप्तपणे वास करीत असतात. त्यांपैकी एक पंख विकृत करणारा विषाणू होय. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या वसाहतींतही तो आढळतो. परंतु जोवर माशीची प्रतिकारशक्ती शाबूत असते तोवर त्याची वाढ आटोक्यात राहते. प्रतिकाराचे हे काम करण्यासाठी माशीच्या पेशीत एक ‘चालक’ प्रथिन असते. रोगजंतूची चाहूल लागताच ते जागे होते आणि संरक्षक पदार्थ बनविणाऱ्या जनुकांना कामास लावते. शास्त्रीय भाषेत ह्या चालकास एन्‌एफ्‌-कप्पा-बी असे म्हणतात. काम संपल्यावर चालकास आवर घालण्यासाठी एक लगामही निसर्गाने ठेवलेला आहे, आणि तो लगाम म्हणजेही एका जनुकाने तयार केलेले प्रथिनच होय.

इटलीतील नेपल्स विद्यापीठाचे फ्रान्चेस्को पेनाच्चिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात क्लोथियानिडिनचा ह्या व्यवस्थेवर होणारा परिणाम तपासला. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी जी चिलटासारखी बारीक माशी आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळांत पाळतात, तिच्यावर प्रथम व नंतर मधमाशीवर हे प्रयोग झाले. मधमाश्यांना दिलेली मात्रा मारक मात्रेहून कमी होती. परिणाम असा दिसला की, विषाच्या योगाने लगाम तयार करणारे जनुक नेहमीपेक्षा अधिक जोराने कार्य करू लागले. लगाम घट्ट झाल्यामुळे चालक प्रथिन मंदावले, संरक्षक जनुकांची जाग कमी झाली, आणि जो विषाणू आजवर दबून होता तो भराभर वाढू लागला. विषाची मात्रा वाढविली तशी विषाणूंची संख्याही वाढली. इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीतही असाच परिणाम आढळून आला.

ह्याच प्रयोगात क्लोरपायरीफॉस ह्या सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधाचीही परीक्षा घेण्यात आली. त्याने मात्र विषाणूची वाढ झाली नाही. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, सर्व विषे एकाच रीतीने अपाय करीत नाहीत. प्रत्येकाची वाट निराळी असते. दुसरी, एखाद्या औषधाने ही एक वाट धरली नाही म्हणजे ते माश्यांना सुरक्षित ठरत नाही. क्लोरपायरीफॉस हे मधमाशीला अंगावर पडताक्षणीच घातक असणारे औषध आहे.

मधमाशीला हा अपाय विशेष का भोवतो, ह्याचेही कारण आहे. मधमाशीच्या सर्व जनुकांचा आराखडा सन २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसून आले की, फळांवरील वर सांगितलेल्या बारीक माशीच्या किंवा डासाच्या मानाने तिच्याजवळ रोगप्रतिकाराची जनुके सुमारे एक तृतीयांशच आहेत. पोळ्याची साफसफाई करणे, मेलेली पिले बाहेर फेकणे अशा सामुदायिक सवयींवर तिची भिस्त अधिक. मुळातच तोकडी असलेली ढाल विषाने आणखी तोकडी केली, तर वसाहत रोगास बळी पडण्यास वेळ लागत नाही. त्यातच व्हरोआ नावाचा परजीवी कोळी पेटीत असेल, तर तो हाच विषाणू एका माशीकडून दुसरीकडे पोहोचवितो आणि संकट दुणावते.

मात्र पेटीतील प्रत्येक रोगाचे खापर औषधावर फोडणेही योग्य नव्हे. सन १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरी मधमाश्यांवर थाई सॅकब्रूड ह्या विषाणूजन्य रोगाची मोठी साथ येऊन त्यांच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. ती साथ कीटकनाशकामुळे आली असे म्हणता येत नाही. विषाणू स्वबळावरही किती नाश करू शकतो हे तीवरून कळते, आणि म्हणूनच माशीची स्वाभाविक प्रतिकारशक्ती जपणे किती अगत्याचे आहे हेही कळते.

युरोपीय संघाने सन २०१३ मध्ये वरील तीन निओनिकोटिनॉइड औषधांच्या वापरावर निर्बंध घातले आणि सन २०१८ मध्ये उघड्या शेतातील त्यांचा वापर बंद केला. मधमाश्यांना असलेला एकंदर धोका विचारात घेऊन हा निर्णय झाला.

पिकाच्या उत्पन्नाशी संबंध

कांद्याच्या बीजोत्पादनाचे, म्हणजे डोंगळ्याचे, पीक घेणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. कांद्याच्या एका फुलातील पराग आधी बाहेर पडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका गोंड्यावरचा पराग दुसऱ्या गोंड्यावर पोहोचविणारे कोणीतरी लागते, आणि ते काम मुख्यतः मधमाशी करते. नेमक्या ह्याच वेळी पिकावर फुलकिडे दिसतात व शेतकरी औषधाचा पंप उचलतो. फुलकिडे आवरतात, परंतु माश्या यावयाच्या थांबल्या तर गोंडे वरून भरदार दिसूनही आत बी धरत नाही. सूर्यफूल, कलिंगड, काकडी, दोडका, भोपळा ह्या पिकांचीही थोडीबहुत हीच स्थिती आहे.

येथे वसाहतीचे गणित ध्यानात घेतले पाहिजे. मकरंद व पराग आणण्याचे काम वयस्क कामकरी माश्या करतात, आणि त्यांचे आयुष्य मुळातच थोडे असते. त्यांची जागा घेण्यासाठी रोज नव्या माश्या निपजाव्या लागतात. विषाणूने पंख विकृत झालेली माशी उडूच शकत नाही व थोड्याच दिवसांत मरते. अशा रीतीने नव्या माश्यांची भरती थांबली, की आजची फवारणी पुढील महिन्यातील परागीभवन बुडविते. ज्याने फवारणी केली त्याचे पीक तोवर निघूनही गेलेले असेल, आणि नुकसान मात्र शेजाऱ्याच्या पिकाचे होईल. म्हणून ही बाब एकट्या शेतकऱ्याची नसून सबंध शिवाराची आहे.

माणसाच्या शरीरास लागू असलेला धडा

कीटक आणि माणूस ह्यांची शरीरे अत्यंत भिन्न असली, तरी रोगप्रतिकाराच्या मूळ यंत्रणेत त्यांच्यात आश्चर्यकारक साम्य आहे. प्रयोगशाळेतील त्या बारीक माशीत रोगजंतू ओळखण्याच्या कामी येणाऱ्या ‘टोल’ नामक जनुकाचा शोध लागल्यावर तशाच प्रकारची जनुके माणसातही सापडली. ह्या शोधातील कार्याबद्दल सन २०११ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यूल्स हॉफमन ह्यांना, इतर दोघा शास्त्रज्ञांसमवेत, मिळाले. वर सांगितलेले चालक प्रथिनही माणसाच्या पेशीत आहे. अर्थात, ह्यावरून जे औषध माशीत लगाम घट्ट करते ते माणसातही तसेच करील, असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. पण रसायनाने मनुष्याची प्रतिकारशक्ती कमी होऊ शकते, ह्याचे पुरावे मात्र इतरत्र मिळालेले आहेत.

फेरो बेटांवरील बालकांचा अभ्यास सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारी वस्त्रे व आग विझविण्याचा फेस ह्यांत वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा अंश ह्या बालकांच्या रक्तात मोजण्यात आला, आणि धनुर्वात व घटसर्प ह्यांच्या लसीने त्यांच्या शरीरात किती प्रतिपिंडे निर्माण झाली तेही पाहण्यात आले. ज्यांच्या रक्तात रसायनाचे प्रमाण अधिक होते त्यांच्यात प्रतिपिंडे कमी आढळली. ही मुले आजारी नव्हती. लस टोचलेली होती. बाहेरून पाहता सर्व ठीक होते. मात्र लसीने मिळावयाचे संरक्षण त्यांना अपुरे मिळत होते. ही रसायने म्हणजे पिकावरील औषधे नव्हेत, तथापि धडा तोच आहे. प्रकृती ठीक दिसते एवढ्यावरून विषाने काही अपाय केला नाही असे ठरत नाही.

औषधाच्या वेष्टनावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थही ह्या दृष्टीने नीट समजून घ्यावा. सन १९६८ चा कीटकनाशक कायदा व सन १९७१ चे नियम ह्यांनुसार लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा किंचित विषारी औषध दर्शवितो. ही वर्गवारी प्रयोगातील प्राण्यांना मारणाऱ्या मात्रेवरून केलेली असते. तोंडावाटे दिलेली मारक मात्रा शरीराच्या दर किलोस ५० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास लाल आणि ५,००० मिलिग्रॅमच्या वर असल्यास हिरवा त्रिकोण लागतो. तात्काळ मृत्यूचा धोका किती, एवढेच हा त्रिकोण सांगतो. रोज थोडे थोडे अंगात गेल्याने पुढे काय होईल, अथवा मधमाशीवर काय परिणाम होईल, ते त्यावरून कळत नाही. सबब हिरवा त्रिकोण पाहून उघड्या अंगाने फवारणी करणे ही मोठी चूक होय.

तात्काळ विषबाधेचे भीषण स्वरूप महाराष्ट्राने सन २०१७ च्या खरिपात पाहिले आहे. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. जे त्या दिवशी पडले त्यांची मोजदाद झाली. जे पडले नाहीत, पण हंगामभर तेच औषध अंगावर घेत राहिले, त्यांचीही काळजी वाहणे हे गावचे व शासनाचे कर्तव्य आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. कीड आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडेपर्यंत रासायनिक फवारणी करू नये. उदाहरणार्थ, कपाशीवर सरासरी दर पानास २ ते ३ तुडतुडे दिसू लागल्यावरच उपाय योजावा. दिसली कीड की उचलला पंप, ही सवय खर्चाची आणि घातकही आहे.

२. सुरुवातीच्या अवस्थेत ५ टक्के निंबोळी अर्काचा उपयोग करावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीची भुकटी १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळून घ्यावी, तीत २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण द्रावण १०० लिटर करावे.

३. परागीभवनासाठी माश्यांवर अवलंबून असणाऱ्या पिकास कळ्या लागल्यापासून फुलोरा संपेपर्यंत आंतरप्रवाही औषध देऊ नये. असे औषध संध्याकाळी दिले तरी ते दुसऱ्या दिवशीच्या मकरंदात उतरते, हे विसरू नये.

४. फुलोऱ्यात अन्य औषध देणे अगदी अपरिहार्य झाल्यास माश्या पोळ्याकडे परतल्यावर, म्हणजे सायंकाळी उशिरा, फवारणी करावी. सकाळच्या प्रहरी ती कटाक्षाने टाळावी.

५. आसपास मधपेट्या असल्यास फवारणीची सूचना मधपाळास किमान एक दिवस अगोदर द्यावी, म्हणजे त्यास पेट्या हलविता येतील.

६. शिफारस नसलेली दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत. लेबलावर दिलेल्या पिकासाठी व दिलेल्या प्रमाणातच औषध वापरावे. काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाल पाळावा.

७. औषध कालविताना काठी वापरावी, हात घालू नये. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा व पायात बूट घालूनच फवारणी करावी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नये. नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकू नये. काम चालू असता पाणी, भाकरी, तंबाखू, विडी ह्यांस हात लावू नये.

८. घरी येताच साबणाने स्नान करावे. फवारणीचे कपडे घरच्या इतर कपड्यांत, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत, धुवू नयेत. गर्भवती स्त्रियांनी व मुलांनी फवारणी चालू असलेल्या शेतात जाऊ नये.

९. पंप ओढ्यात, विहिरीजवळ किंवा पाणवठ्यावर धुवू नये. तेथेच माणसे, जनावरे व माश्या पाणी पितात. रिकामे डबे फोडून निरुपयोगी करावेत. त्यांत धान्य, तेल किंवा पाणी कदापि ठेवू नये.

१०. चक्कर, मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसताच काम थांबवावे. रुग्णास सावलीत आणून दूषित कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि त्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. औषधाची बाटली अथवा लेबल बरोबर अवश्य न्यावे, कारण उतारा औषधाच्या गटावर अवलंबून असतो. सेंद्रिय फॉस्फरस गटावर ॲट्रोपिनचा उपयोग होतो. निओनिकोटिनॉइड गटास असा खास उतारा नाही, त्यात लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

फवारणीच्या हंगामापूर्वी प्रत्येक गावात कृषी सहायकाने एक छोटी सभा घ्यावी व तीत मधपाळ, बीजोत्पादक शेतकरी, औषधविक्रेते व फवारणी करणारे मजूर ह्यांना एकत्र बसवावे. कोणत्या शिवारात कोणते पीक केव्हा फुलावर येणार आहे ह्याचे टिपण करून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्यास निम्मे नुकसान बोलण्यानेच टळेल. जेथे मधपेट्या असतील तेथे दर आठवड्यास पेटीपुढील जमीन पाहावी आणि पंख आखडलेल्या माश्या, अंग थरथरणाऱ्या माश्या किंवा मेलेली पिले ह्यांची नोंद, आसपास झालेल्या फवारणीच्या तारखांसह, वहीत ठेवावी. रोगाविषयीच्या सल्ल्यासाठी पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी मधपाळाची गाठ घालून द्यावी.

सभेत बोलताना औषधांची निंदा करून भागणार नाही आणि त्यांची भीड धरूनही चालणार नाही. पीक वाचविण्यासाठी औषधाची गरज पडते, हे शेतकरी जाणतो. त्याला सांगावयाचे ते इतकेच की, विषाचा हिशेब एका दिवसाचा नसतो. कोण पडले हे ज्या दिवशी पाहावयाचे त्याच्या कितीतरी नंतर, मधपेटीच्या अंधारात व माणसाच्या रक्तात, त्या विषाचे काम चालू असते. ते होऊ न देण्याचे उपाय खर्चिक नाहीत. फवारणीपूर्वी पिकात एक फेरी, शेजाऱ्याशी दोन शब्द आणि घरी आल्यावर साबणाचे स्नान, एवढ्यापासून त्यांचा प्रारंभ करता येतो.